न घसरणारी मूठ

मित्रांनो, मी एक जुना सोल्डरिंग आयर्न आहे आणि माझ्या पांढऱ्या मुठीवर हळदीचा एक डाग आहे. तो डाग पुसण्याचा प्रयत्न कोणी फारसा केला नाही. केला असता, तरी तो गेला असता असे मला वाटत नाही.

माझ्यासारख्याला तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिले असेल. एक मूठ, तिच्यापुढे लोखंडी नळी आणि नळीच्या शेवटी तांब्याचे टोक. वीज आली की टोक तापते, कथील वितळते आणि तुटलेली तार पुन्हा जोडली जाते. एवढेच माझे काम. मी कधी काही नवे घडवले नाही. जे सुटले ते सांधत आलो. निदान बरीच वर्षे मला माझ्याविषयी असेच वाटत होते.

भोसरीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत एका दुकानाच्या दारावर मी भावंडांसह टांगलेला होतो. तिथून मला प्रथमेशने नेले. तो नागपूरहून इंजिनिअरिंग शिकायला आलेला एक अबोल मुलगा होता. वसतिगृहात त्याच्या खोलीवर गप्पा मारायला कोणी येत नसे, पण मोडलेल्या वस्तू येत. वॉकमन, टेबललॅम्प, कोणाच्या तरी बहिणीचे बोलणारे खेळणे. लोक वस्तू दाराशी ठेवून जात आणि प्रथमेश त्या दुरुस्त करून पुन्हा दाराशी ठेवी. त्याला जे सांगायचे असे ते तो बहुधा माझ्याच तोंडून सांगे.

पुढे तो अमेरिकेला शिकायला निघाला, तेव्हा मेतकुटाची पिशवी आणि स्वेटर यांच्यामध्ये त्याने मला ठेवले. तिथे पोहोचल्यावर त्याने मला भिंतीतल्या सॉकेटला लावले आणि वाट पाहिली. मी तापलो नाही. तिथली वीज निम्म्या दाबाची होती. मी नुसता कोमट झालो. कथील माझ्या टोकाला टेकून तसेच घट्ट राहिले. प्रथमेशने मला बाजूला ठेवले आणि तोही त्या वर्षी कोमटच राहिला. वर्गात हात वर करायचा आणि प्रश्न अर्धा झाल्यावर "नो, इट्स ओके" म्हणून खाली घ्यायचा.

शिक्षण संपल्यावर नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलला त्याला नोकरी लागली. तिथे मूळचे नागपूरचे गिरीशकाका आणि रत्नाकाकू राहत होते. दर रविवारी त्याचे जेवण त्यांच्याकडे असे. काकांनी एकदा गॅरेजमधून एक जड लोखंडी पेटी ओढत आणली.

"घे रे, ट्रान्सफॉर्मर. नागपूरहून मिक्सर आणला होता, त्याच्यासाठी घेतला. मिक्सर केव्हाच वारला, हा म्हातारा अजून ठणठणीत आहे. तुझ्या त्या आयर्नला उपयोगी पडेल."

त्या दिवशी मी कित्येक वर्षांनी पुरता तापलो. मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. माझ्या अंगातली ऊब त्या घराने दिलेली होती.

मग प्रथमेश रविवारी मलाही बरोबर नेऊ लागला. काकूंकडे नेहमी काहीतरी बंद पडलेले असे. त्यांचा मुलगा यश कॉलेजात शिकत होता आणि प्रथमेशची थट्टा करणे हा त्याचा रविवारचा उद्योग होता.

"दादा, तुझं व्हॉल्यूम बटण कुठंय रे? तू एकदा स्वतःलाच ओपन करून बघ ना यार. आतली वायर तुटलीय."

प्रथमेश हसे. त्याला ती थट्टा वरणभाताइतकी आवडे.

मग एका वसंतात ते घडले. यश एका पेट्रोल पंपाच्या दुकानात अर्धवेळ काम करीत असे. चोरी करायला आलेल्या माणसाने पिस्तूल झाडले. गोळी यशच्या उजव्या हाताच्या कोपराखालून आरपार गेली. जीव वाचला, हात वाचला, पण बोटांकडे जाणाऱ्या नसा वाचल्या नाहीत. बोटे वळत, मात्र धरत नसत. चमचा घसरे, पेन घसरे. डाव्या हाताला त्याने बरेच काही शिकवले, पण वस्तरा डाव्या हाताने चालेना आणि विजेच्या मशीनने गालावर पुरळ उठे. एका रविवारी प्रथमेश हेअर ड्रायर दुरुस्त करायला बाथरूमकडे गेला, तेव्हा दार अर्धवट उघडे होते. आत रत्नाकाकू यशची दाढी करीत होत्या. बावीस वर्षांच्या मुलाची हनुवटी त्यांनी दोन बोटांनी वर धरली होती आणि यशने डोळे घट्ट मिटून घेतले होते. प्रथमेश पाऊल न वाजवता मागे फिरला. ड्रायर त्या दिवशी दुरुस्त झाला नाही.

हे सगळे त्याने पाहिले होते. म्हणून पुढचे सांगताना माझी मान वर होत नाही.

प्रथमेशच्या ऑफिसच्या प्रयोगशाळेत वॉल्ट नावाचे एक ज्येष्ठ तंत्रज्ञ होते. स्वभावाने मोकळे, शनिवारी नेमबाजीला जाणारे. त्यांनी एकदा प्रथमेशचे सोल्डरिंग भिंगाखाली पाहिले आणि सगळ्यांना हाक मारली. "या, बघा! हा हात सर्जनचा आहे!" चारपाच जण गोळा झाले. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. ज्याचे नावही मीटिंगमध्ये लोक चुकवत, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

काही दिवसांनी वॉल्ट त्याच्याकडे आले. त्यांच्या तळव्यांना घाम फार येई आणि नेम धरताना पिस्तुलाची मूठ हातात फिरे. गरम आयर्नने मुठीच्या प्लास्टिकवर बारीक ठिपके उठवले की ती हाताला चिकटून राहते, असे त्यांनी ऐकले होते. वरची पोलादी नळी आणि यंत्र ते घरीच ठेवणार होते. आणायची होती ती फक्त फ्रेम, म्हणजे खालचा प्लास्टिकचा सांगाडा, मूठ आणि बोटाभोवतीची कमान. "नुसतं प्लास्टिक आहे," वॉल्ट म्हणाले. "तुझ्यासारखं नाजूक काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही."

प्रथमेश "हो" म्हणाला. यशचा हात त्याला आठवला तो हा शब्द तोंडातून गेल्यावर. मग तो स्वतःशी तेच घोकू लागला. नुसते प्लास्टिक आहे.

आधी त्याने बागकामाच्या मोडक्या खुरप्याच्या जाड प्लास्टिकच्या मुठीवर सराव केला. मग बाल्कनीत, टळटळीत शनिवारी दुपारी, त्याने फ्रेम हातात घेतली. मधल्या बोटाला जिथे कड रुतत होती ती त्याने कानशीने उतरवली, बारीक सँडपेपरने गुळगुळीत केली. मग मला उचलले. टेकव, उचल. टेकव, उचल. प्रत्येक ठिपका आधीच्या ठिपक्याला खेटून, पण त्याच्यावर न चढता. दुपार उतरली तेव्हा मुठीच्या दोन्ही बाजूंवर अनारशाच्या पाठीवर खसखस दिसावी तशी नक्षी उमटली होती. त्याने डोळे मिटून मूठ धरली. ती हातात बसली, जणू हाताचेच हाड.

आणि मित्रांनो, मला आनंद झाला. आयुष्यभर मी इतरांच्या तारा सांधल्या, त्या झाकणाखाली गेल्या. हे माझे काम मात्र उघडे होते, बोटांना कळणारे होते. त्या आनंदाचीच मला आज सर्वांत जास्त लाज वाटते. प्लास्टिकची काळी पुटे माझ्या टोकावर चढली होती आणि त्यानंतर कथील तिथे नीट धरेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मला पिशवीत घालून तो काकूंकडे गेला. काकूंनी त्याच्या खांद्याशी नाक नेले.

"कसला रे जळका वास येतोय? काल घरी भात लावलास की काय?"

"हो काकू," प्रथमेश म्हणाला. "करपला."

"अरे, मग फोन करायचास! इतकं अन्न असतं इथं." आणि त्यांनी त्याच्या पानात जास्तीचा भात वाढला. समोर यश डाव्या हाताने जेवत होता. प्रथमेशने तो सगळा भात संपवला. त्याला तो गिळताना मी पाहिले नाही, पण पिशवीतून ऐकले. कोणी काही विचारले की त्याचे उत्तर घासाच्या मागून येत होते.

काम पुरे झाले, पण वॉल्ट मोठ्या सुट्टीवर गेले होते. फ्रेम पिवळ्या फडक्यात गुंडाळून माझ्याशेजारी खणात राहिली. अशात प्रथमेशची आई, सुहासिनी, नागपूरहून आल्या आणि ऑक्टोबरात दसरा आला. तो रविवारीच होता. गिरीशकाकांचे कुटुंब या वेळी प्रथमेशकडे जेवायला येणार होते.

दसऱ्याला माणसे आपापल्या हत्यारांची पूजा करतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. प्रथमेश सकाळी खाली उतरला. आपटा तिकडे मिळत नाही, पण अपार्टमेंटच्या आवारात रेडबडचे झाड होते आणि त्याची हृदयाच्या आकाराची पाने शरदात खरोखरच सोन्यासारखी पिवळी होत. ती तो वेचत होता. तोपर्यंत आईंनी पाटावर लाल कापड घातले. लॅपटॉप, पुस्तके, पक्कड, स्वयंपाकघरातली सुरी. मग त्यांनी खण उघडला. मला बाहेर काढले, माझ्या मुठीला हळदकुंकवाचे बोट लावले आणि शेजारचे पिवळे फडके उलगडले.

त्यांनी आयुष्यात पिस्तूल जवळून पाहिलेले नव्हते. नळी नसलेली ती काळी वस्तू त्यांना ड्रिल मशीनच्या मुठीसारखी वाटली. नक्षीवरून बोट फिरवताना त्यांचा चेहरा उजळला. लेकाच्या हातचे काम त्यांनी ओळखले होते. त्यांनी ती पाटाच्या मधोमध ठेवली, हळदकुंकू वाहिले, वर शेवंतीचे फूल ठेवले.

प्रथमेश पाहुण्यांबरोबरच दारातून आत आला. हातात पानांची परडी. त्याने पाट पाहिला आणि तो जागच्या जागी उभा राहिला.

"आई, ते..."

"काय शोधून राहिला रे? सगळं मांडलंय मी. चला, आधी आरती."

एक वाक्य पुरले असते. एक अख्खे वाक्य. ते त्याच्या घशात आले आणि वर्गातल्या प्रश्नासारखे अर्ध्यातून परत गेले. आरती झाली. मी पाटावर पडून निरांजनाची ज्योत पाहत होतो आणि माझ्या शेजारी ती फ्रेम फुलाखाली पडून होती.

आईंनी ती उचलली आणि कौतुकाने यशकडे वळल्या. "बघ बेटा, प्रथमेशनं स्वतः कोरलंय. तुझ्या हाताला बरी पडेल अशी पकड आहे. धरून तर बघ." आणि त्यांनी यशचा उजवा हात उलगडून, त्याची चार बोटे एकेक करून त्या मुठीभोवती मिटवली.

यशने खाली पाहिले.

"काकू," तो अगदी हळू म्हणाला, "ही ड्रिलची नाहीये. धिस इज अ गन."

"छे रे! बंदुकीला नळी असते."

"वहिनी," गिरीशकाका म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा झाला होता. "इथल्या कायद्यात हीच बंदूक. नळीबिळी सगळे सुटे भाग. नंबर असतो तो ह्याच्यावर." मग ते प्रथमेशकडे वळले. "आणि तुझ्यासारख्या व्हिसावरच्या माणसानं ही घरात ठेवायची नसते. माहीत होतं तुला?"

"काका, ती ऑफिसातल्या वॉल्टची आहे. मला वाटलं... नुसतं प्लास्टिक आहे."

ते शब्द त्याने इतके दिवस मनात घोकले होते. बाहेर आल्यावर ते किती लहान निघाले!

यशने डाव्या हाताने उजव्या हाताची बोटे सोडवली आणि फ्रेम पाटावर ठेवली. रत्नाकाकू पुढे आल्या. त्यांनी पदराने यशच्या तळहाताला लागलेले कुंकू पुसले, पुन्हा पुसले. मग प्रथमेशच्या खांद्यापाशी, वास घेतल्यासारख्या, क्षणभर थांबल्या.

"करपलेला भात हाच का रे?"

एवढेच त्या बोलल्या. तिघे न जेवता गेले. परडीतली सोन्याची पाने कोणीच कोणाला दिली नाहीत. आई स्वयंपाकघरात उभ्या राहून स्वतःच्या हातांकडे पाहत होत्या. "माझ्या हातानं दिली रे मी. माझ्या हातानं त्या पोराच्या हातात."

सुट्टीवरून नुकतेच परतलेले वॉल्ट प्रथमेशचा फोन येताच, उन्हे उतरायच्या आत, कुलपाची पेटी घेऊन आले. ठिपक्यांमध्ये अडकलेले लाल काय आहे, असे त्यांनी विचारले. प्रथमेशने ते ब्रशने घासून पाहिले होते, पण त्याने इतके दाट ठिपके उठवले होते की कुंकू निघेना. त्याने वॉल्टना सगळे सांगितले. पंपावरची चोरी, यशचा हात, दसरा. इतके सलग बोलताना मी त्याला प्रथमच ऐकले. वॉल्टनी डोक्यावरची टोपी काढली. आपल्या लक्षात यायला हवे होते, हे काम मागण्यात चूक आपली होती, असे ते म्हणाले. पण त्याने प्रथमेशला हलके वाटले नाही. "हो" त्याचा स्वतःचा होता.

पुढचे रविवार त्याने घरी काढले. काकूंचा फोन आला नाही आणि त्याला करवला नाही. आई दोघांपुरते शिजवीत आणि ताटे पुन्हा तशीच उचलत.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दार वाजले. बाहेर यश उभा होता.

"आत येऊ का, की तू नुसतंच बघत राहणार?"

प्रथमेश बाजूला झाला. यश बसला नाही.

"त्या दिवशी ती घसरली नाही."

"काय?"

"ती मूठ. चमचा घसरतो, पेन घसरतं, टूथब्रश घसरतो. ती नाही घसरली. आय हेटेड इट, दादा. घरी जाऊन हात साबणानं धुतला, पुन्हा पुन्हा धुतला. पण हाताला आठवत राहिलं की त्यानं काहीतरी धरलं होतं." मग खिडकीकडे पाहत तो म्हणाला, "मला तसा रेझर करून दे."

"माझ्याकडून?" प्रथमेशने विचारले. "मी करू?"

"मग काय वॉल्टला सांगू?" जुनी थट्टा क्षणभर डोकावली आणि गेली. "माफ केलंय असं समजू नको हं. आईचं तर विचारूच नको. आधी दाढी, बाकी सगळं नंतर."

प्रथमेशने खुरप्याची ती मोडकी मूठ शोधून काढली. वॉल्टच्या मुठीच्या वेळी त्याने स्वतःच्याच हाताचा अंदाज घेतला होता. या वेळी आई आतून मळलेल्या कणकेचा गोळा घेऊन आल्या, काही न बोलता यशसमोर धरला. यशने तो मुठीत दाबला. कणकेवर त्याच्या बोटांचे ठसे उमटले. दोन खोल, एक पुसट, करंगळीचा नाहीच. प्रथमेशने त्या ठशांप्रमाणे मूठ घासली आणि मग मला तापवले.

"इथं टोचतंय?"

"नाही."

"इथं? खरं सांग. थोडं खडबडीत करू? अंगठा कुठे टेकतो तुझा?"

"बापरे, दादा. व्हॉल्यूम बटण सापडलं वाटतं."

माझे टोक काळवंडलेले होते. तरी मी जितका तापू शकत होतो तितका तापलो. टेकव, उचल. नक्षी तीच होती मित्रांनो, अगदी तीच. त्यामुळे मला पुष्कळ रडू आले असते, जर माझ्यासारख्याला रडता येत असते. मूठ झाल्यावर प्रथमेशने तिच्या टोकाला रेझरचे पाते बसवले. यश बाथरूममध्ये गेला आणि त्याने दार आतून लावून घेतले. आई बाहेर उगाचच भांडी पुसत राहिल्या. नळाचा आवाज थांबला, सुरू झाला, थांबला. यश बाहेर आला तेव्हा त्याच्या गालांवर जागोजाग खुंट राहिले होते आणि हनुवटीवर रक्ताचा एक लहानसा ठिपका होता. त्याने तो पुसला नाही.

प्रथमेशने त्याला गाडीतून घरी सोडले. मागच्या सीटवर काकांचा ट्रान्सफॉर्मर होता आणि त्याच्याभोवती वायरने गुंडाळलेला मी. प्रथमेश तो परत करायला निघाला होता. ज्या घराची ऊब आपण अशी वापरली, ती जवळ ठेवण्याचा आपल्याला हक्क नाही, असे त्याला वाटत होते.

दार रत्नाकाकूंनी उघडले. त्यांनी यशच्या हनुवटीवरचे रक्त पाहिले आणि हात पुढे केला. तो मध्येच थांबला, कारण यशने मान किंचित मागे घेतली आणि तो हसला. काकूंना कळले. यश त्यांच्या बाजूने आत निघून गेला.

प्रथमेश पायरीवर उभा होता. दोन्ही हातांत जड पेटी. यावेळी वाक्य अर्ध्यावर थांबले नाही.

"काकू, मी तुमच्याशी खोटं बोललो. यशचा हात दिसत असताना मी ते काम केलं. हा काकांचा ट्रान्सफॉर्मर परत आणलाय."

काकूंनी त्याच्याकडे पाहिले. त्या नजरेत माया नव्हती. रागही आता थकलेला दिसत होता.

"ते ओझं इथं उतरवू नकोस," त्या म्हणाल्या. "रविवारी घेऊन ये. ड्रायर अजून तसाच पडलाय."

आणि दार लावून न घेता त्या आत गेल्या. प्रथमेश आत गेला नाही. उघड्या दारासमोर, पेटी छातीशी धरून, तो तसाच उभा राहिला आणि माझ्या गार टोकावर त्याच्या डोळ्यांतले पाणी पडले.

आता माझ्या टोकावर कथील धरत नाही. नवे आयर्न आले आहेत, मी खणात असतो. मित्रांनो, उद्या तुमच्याही हाताची कोणी तारीफ करील आणि तुमच्या पुढे एखादी वस्तू ठेवील. "हो" म्हणण्यापूर्वी एकदा एवढेच पाहा की ती मूठ कोणाच्या हातात जाणार आहे. आणि म्हणून झालेच असेल, तर कोणाच्या तरी दारात जाऊन ते पुरते सांगा, अर्धे नको. माझ्या मुठीवरचा हळदीचा डाग मला पुसून नको आहे. तो असू द्या.